पोवळ्याच्या उलट वाटेने

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात वसलेले शिरड शहापूर हे गाव अरबी समुद्रापासून सरळ रेषेत मोजले तरी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आत आहे, आणि या मुलखात पडणारा पाऊस गोदावरीच्या खोऱ्यातून वाहत अखेरीस जातो तो पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराला. गावाची ओळख भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे आहे. अतिशय क्षेत्र म्हणजे एखाद्या मूर्तीच्या वा स्थानाच्या अलौकिक प्रभावामुळे भाविकांच्या श्रद्धेचा विषय झालेले तीर्थ. औंढ्याचे ज्योतिर्लिंग जवळच असल्याने यात्रेकरूंची वर्दळ या भागाला नवी नाही, परंतु ‘मोठे पाणी’ म्हणून इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो तो पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाचा जलाशय. अशा ठिकाणी भूमध्य समुद्रातील छोट्या जहाजावरच्या सहलीचा विषय काढणे वरकरणी विसंगत वाटेल. पण या परिसरातील कोणत्याही सराफाच्या पेढीवर मंगळासाठी म्हणून सोन्यात जडवून दिले जाणारे पोवळे जर अस्सल असेल, तर ते बहुधा त्याच समुद्राच्या तळातून आलेले असते.

पोवळे हा दगड नव्हे. समुद्रात वसाहत करून राहणाऱ्या सूक्ष्म जीवांनी उभारलेला तो फांद्याफांद्यांचा सांगाडा असतो, आणि जिचा गर्द लाल रंग आपल्याकडे शुभ मानला गेला त्या जातीचे मुख्य घर भूमध्य समुद्रातील खडकाळ, अंधाऱ्या कपारी हेच आहे. इटलीतील सार्डिनिया बेटावरच्या आल्गेरो शहराचा किनारा पोवळ्यांच्या नावानेच ओळखला जातो, तर नेपल्सच्या उपसागरावर, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेले तोर्रे देल ग्रेको हे गाव पोवळे कापण्या-घासण्याच्या कारागिरीसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवून ठेवले आहे की, रोमन स्त्रियांना भारतातील मोत्यांचे जेवढे अप्रूप, तेवढेच भारतीयांना पोवळ्यांचे. (बाजारात पोवळे म्हणून विकले जाणारे बरेचसे लाल मणी रंगवलेले असतात हे खरे, पण नकलेसाठीसुद्धा आधी अस्सल मालाची कीर्ती लागते.)

त्याच पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, नाव अज्ञात असलेल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ ही पुस्तिका लिहिली. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्या-किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजासाठी बंदरे, अंतरे, धोके आणि माल यांची क्रमवार माहिती देणारे मार्गदर्शक. त्यात बॅरिगाझा, म्हणजे आजचे भडोच, या बंदरात उतरणाऱ्या मालात इटालियन मद्य, तांबे, कथील, शिसे यांच्याबरोबर पोवळ्यांचाही उल्लेख आहे. आणि भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या दोन नगरांतून गाड्यांवर लादून मौल्यवान दगड आणि कापड अवघड वाटांनी बंदराकडे नेले जात असल्याचेही नमूद आहे. मराठवाड्याची जमीन पाणी पूर्वेकडे पाठवीत असली तरी तिचा माल पश्चिमेकडे जात होता. त्यामुळे भूमध्य समुद्रावरची सुटी हा आज या प्रदेशातल्या सुस्थित कुटुंबासाठी नवा शौक असला, तरी ती वाट नवी नाही. फक्त पूर्वी त्या वाटेने वस्तू जात-येत होत्या आणि माणसे थोडी, आता माणसे स्वतः निघाली आहेत.

या पुस्तिकेतला सर्वांत जिवंत भाग मालाच्या यादीचा नसून भयाचा आहे. खंबायतच्या आखातात शिरताना येणाऱ्या भरतीचे वर्णन लेखक दचकल्यासारखे करतो: पाणी एकाएकी गर्जना करीत नदीच्या मुखात घुसते, क्षणापूर्वी जिथे समुद्र होता तिथे तळ उघडा पडतो, आणि अनोळखी जहाजे वाळूवर फेकली जातात, म्हणून भडोचच्या राजाने नेमलेले स्थानिक कोळी नावा घेऊन पुढे येतात व परक्या जहाजांना ओढत बंदरापर्यंत आणतात. मुरलेल्या खलाशाला भरतीचे एवढे नवल का वाटावे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या घरच्या समुद्रात आहे. भूमध्य समुद्र अटलांटिक महासागराला जोडला गेला आहे तो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीने, जी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी चौदा किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. महासागराची भरती या चिंचोळ्या दारातून आत येईपर्यंत तिचा जोर संपतो, आणि व्हेनिससारखी थोडी ठिकाणे व ट्युनिशियाजवळचे गाबेसचे आखात वगळले तर बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्याही आत राहतो. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला हाच फरक पाच मीटरांच्या घरात जातो.

छोट्या जहाजाच्या सहलीचे सारे गणित या एका भौगोलिक तथ्यावर उभे आहे, आणि सहलींच्या रंगीत पत्रकांत नेमके तेच कुठे छापलेले नसते. पाणी दिवसभर एकाच पातळीला राहत असल्यामुळे ग्रीस, इटली वा क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील घरे, खानावळी आणि चर्चच्या पायऱ्या थेट पाण्याला टेकलेल्या असतात. जहाज कोणत्याही प्रहरी धक्क्याला लागू शकते. आणि शतकांपूर्वी व्यापारी गलबतासाठी बांधलेले बंदर आजही काम देऊ शकते. जहाज धक्क्याला लावण्याची तिथली खास रीतही यातूनच आली आहे. पुढचा नांगर धक्क्यापासून दूर पाण्यात टाकायचा, हळूहळू मागे सरकत जहाजाची पिछाडी धक्क्याजवळ आणायची, दोन दोर काठावरच्या लोखंडी खुंटांना बांधायचे आणि फळी टाकून प्रवासी उतरवायचे. दर सहा तासांनी पाणी पुरुषभर चढत-उतरत असते तर ही फळी सकाळी आकाशाकडे आणि दुपारी पाताळाकडे तोंड करून राहिली असती.

कोकणच्या माणसाला ही तुलना समजावून सांगावी लागत नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी ही विसाव्या शतकात पिढ्यान्‌पिढ्या चाकरमान्यांची मुख्य वाहतूक होती. रात्रभर प्रवास, पहाटे नवे बंदर, घटकाभर गलका आणि पुन्हा नांगर उचलणे हा तिचा क्रम आजच्या भूमध्य सहलींच्या वेळापत्रकाशी बराचसा जुळतो. फरक पडतो तो उतरताना. कोकणातील बहुतेक बंदरे खाड्यांच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यांआड आणि भरतीच्या तंत्राने चालणारी असल्यामुळे आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि प्रवाशांना पडावात, म्हणजे किनाऱ्यावरून माणसे व माल न्यायला आलेल्या मोठ्या होडीत, उतरावे लागे. लाटेवर पडाव वर आला की उडी टाकायची, खाली गेला की थांबायचे, ट्रंक आणि वळकटी आधी जाई, म्हातारी माणसे आणि पोरे खलाश्यांच्या हातांवरून जात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद ठेवण्याचा प्रघात होता तो याचमुळे, आणि पावसाळ्यातल्या समुद्राची किंमत काय असते हे १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीच्या दुर्घटनेने दाखवले. त्या सकाळी सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणात ज्याला हालअपेष्टांचा प्रवास म्हटले जाई त्याच घडणीचा प्रवास युरोपात चैन म्हणून विकला जातो, यात विकणाऱ्याच्या चातुर्याइतकाच समुद्राच्या स्वभावाचाही वाटा आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटक जहाज सुरू झाले तेव्हा त्या जुन्या मार्गाला सुटीचे रूप देण्याचा प्रयत्न झाला खरा, पण ते रात्रभरात थेट गोव्याला पोहोचणारे जहाज होते. मधली बंदरे त्यात नव्हती, आणि बंदरे वगळली की छोट्या जहाजाच्या सहलीतला गाभाच जातो.

‘छोटे जहाज’ याची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. व्यवहारात दोनशे-तीनशे प्रवाशांपर्यंतच्या जहाजांना हे नाव दिले जाते, आणि क्रोएशियाच्या किनाऱ्यावर फिरणारी कित्येक जहाजे तर तीस-चाळीस प्रवाशांचीच असतात. तुलनेसाठी २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाची लांबी ३६५ मीटर आणि कमाल प्रवासीक्षमता सुमारे ७,६०० आहे, म्हणजे एखादे बऱ्यापैकी मोठे गाव त्यात मावेल. दुसरीकडे पाच डोलकाठ्यांचे आणि बेचाळीस शिडांचे ‘रॉयल क्लिपर’ हे जहाज २२७ प्रवासी घेते. आकाराइतकेच महत्त्वाचे माप म्हणजे ड्राफ्ट, अर्थात जहाजाचा पाण्याखाली बुडालेला भाग किती खोल जातो ते अंतर. महाकाय जहाजांना नऊ मीटरांच्या आसपास पाणी लागते, म्हणून त्यांना औद्योगिक बंदरात उभे राहून प्रवाशांना बसगाड्यांनी शहरात पाठवावे लागते. तीन-चार मीटरांत तरंगणारे जहाज जुन्या गावाच्या पेठेसमोर जाऊन उभे राहते.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो ग्रीसमधील कोरिंथच्या कालव्यात. पेलोपोनीज हे द्वीपकल्प ग्रीसच्या मुख्य भूमीला ज्या अरुंद पट्टीने जोडलेले आहे ती पट्टी कापून काढलेला हा कालवा ६.३ किलोमीटर लांब असून तळाशी त्याची रुंदी फक्त २१ मीटर आहे, आणि दोन्ही बाजूंना चुनखडीच्या उभ्या भिंती ८० मीटरांपर्यंत चढत जातात. रोमन सम्राट नीरोने इसवी सन ६७ मध्ये खोदाईला आरंभ केला होता. पूर्ण व्हायला मात्र १८९३ साल उजाडले. आजच्या व्यापारी जहाजांसाठी तो इतका अरुंद ठरला की त्याचा मुख्य उपयोग आता पर्यटनाचाच उरला आहे. छोटे जहाज त्यातून जाते तेव्हा गप्पा आपोआप थांबतात. कठड्यावरून हात लांबवला तर भिंतीतल्या भेगांत उगवलेल्या झुडपापर्यंत तो पोहोचेल असे वाटत राहते, इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंनी आदळून परत येतो, आणि वर पुलावरून वाकून पाहणारी माणसे बोटभर उंचीची दिसतात.

जहाजावरचा दिवस फारसा नाट्यमय नसतो. पहिली सक्तीची गोष्ट म्हणजे मस्टर, म्हणजे संकटसमयी प्रत्येकाने कुठे जमायचे आणि जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे याची तालीम. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रचंड जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाल्यानंतर ही तालीम जहाज सुटण्यापूर्वीच घेण्याचा नियम कडक झाला. केबिन, म्हणजे निजण्याची खोली, आपल्याकडच्या रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यातील कूपेहून थोडी मोठी असते, कपाटांना कड्या असतात आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याला पहिल्या दिवशी प्रत्येकाची ठेच लागते. पहाटे नांगराची साखळी सुटली की तो खडखडाट गजराचे काम करतो. जिथे धक्का नसतो तिथे टेंडर, म्हणजे जहाजावरच वाहून आणलेली छोटी मोटारबोट, प्रवाशांना काठावर पोहोचवते, आणि दुपारी जहाज एखाद्या निर्जन खाडीत थांबवून पिछाडीची शिडी पाण्यात सोडली की पोहता येणारे आणि न येणारे असे प्रवाशांचे दोन वर्ग स्पष्ट पडतात. विहिरीत पोहायला शिकलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला इथे एक अनपेक्षित सुख मिळते; खारट पाण्यात शरीर अधिक सहज तरंगते.

क्रोएशियाच्या कोर्चुला, ह्वार किंवा व्हिससारख्या बेटांवर संध्याकाळी आणखी एक गंमत दिसते. धक्का लहान आणि जहाजे जास्त, म्हणून ती एकमेकांना बिलगून बांधली जातात. सर्वांत बाहेरच्या जहाजावरच्या प्रवाशाला गावात जायचे तर मधल्या तीन-चार जहाजांच्या डेकवरून, लोकांच्या जेवणाच्या टेबलांमधून वाट काढत जावे लागते. जिथे केबिनची खिडकी उघडताच शेजारच्या केबिनची खिडकी समोर येते, तिथे समुद्रदर्शनासाठी दिलेले पैसे वाया गेले अशी तक्रार काही प्रवासी करतात. तरी वाड्यात वाढलेल्या माणसाला ही शेजारधर्माची पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

आहाराचा प्रश्न शिरड शहापूरच्या संदर्भात दुय्यम म्हणता येणार नाही, कारण कांदा, लसूण, बटाटा ही कंदमुळे आणि सूर्यास्तानंतरचे भोजन वर्ज्य मानणारे जैन कुटुंब जहाजावर गेले तर अडचण पदार्थांची जेवढी, तेवढीच घड्याळाची असते. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रावर सूर्य आठ-साडेआठनंतर मावळतो आणि जहाजावरचे रात्रीचे जेवण साधारणतः त्याच सुमारास मांडले जाते. सुदैवाने छोट्या जहाजावर स्वयंपाकी एक-दोनच असल्याने आणि प्रवाशांची नावे त्यांना तिसऱ्या दिवसापर्यंत पाठ होत असल्याने, आरक्षण करतानाच लेखी कळवले तर वेळ आणि ताट दोन्ही बदलून मिळण्याची शक्यता मोठ्या जहाजापेक्षा अधिक असते. या किनाऱ्यांवरचे स्थानिक अन्नही आडकाठी करीत नाही: टोमॅटो, काकडी, ऑलिव्ह, पालेभाज्या, डाळी, पाव आणि दही हा तिथल्या साध्या घरचा रोजचा आहार आहे. कांदा-लसूण मात्र प्रत्येक गोष्टीत दडलेला असतो, हे गृहीत धरलेले बरे. ‘बोट लागण्या’चा, म्हणजे डोलण्याने मळमळण्याचा, त्रास छोट्या जहाजावर जास्त जाणवतो, खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची केबिन आणि खिशात सुंठ हे जुने उपाय तिथेही चालतात.

हंगामाची निवड हा शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने खरा पेच आहे. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र बंद होतो, तर भूमध्य समुद्रावर पाऊस आणि वादळे हिवाळ्यात येतात. प्राचीन रोमनांनीही नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत समुद्र ‘मिटलेला’ मानला होता, आणि आजही बहुतेक छोटी जहाजे एप्रिल ते ऑक्टोबर याच काळात चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या एजियन समुद्रावर मेल्तेमी हा उत्तरेकडचा कोरडा वारा निरभ्र आकाशातही दिवसचे दिवस घोंघावतो व वेळापत्रके उधळून लावतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी उबदार आणि वारा शांत असतो, पण हिंगोलीत तेव्हा सोयाबीन काढणीला आलेले असते. वसमत परिसराच्या ज्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवणी उरकून मृगाच्या पेरणीपूर्वी जी मोकळीक मिळते ती मे महिन्याची, आणि तिथला मे आल्हाददायक असला तरी पाण्यात उतरणाऱ्याला हुडहुडी भरवतो. हंगाम ठरला की प्रश्न येतो परवान्याचा. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील एकोणतीस देशांसाठीचा सामाईक प्रवेशपरवाना, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा मुक्काम मान्य करतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून या व्यवस्थेत आला, तुर्कस्तान मात्र बाहेर आहे. त्यामुळे ग्रीक बेटांवरून तुर्की किनारा गाठून परत येणाऱ्या जहाजावर पाऊल ठेवायचे तर एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा असलेलाच परवाना हवा, अन्यथा चार मैलांवर दिसणारे बेट परत गाठता येत नाही.

छोट्या जहाजांना अलीकडे जे भाग्य आले आहे त्यामागे मोठ्या जहाजांविषयीचा वैतागही आहे. व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून अधिक किंवा १८० मीटरांहून लांब जहाजांना शहरासमोरच्या जुदेक्का कालव्यात मज्जाव झाला, सँटोरिनी बेटाने दिवसाला ८,००० जहाज-प्रवाशांची मर्यादा घातली. दुपारी येऊन, पाणी आणि सावली वापरून, जेवायला पुन्हा जहाजावर जाणाऱ्या हजारो पाहुण्यांचा गावाला काय उपयोग, हा तिथल्या लोकांचा सवाल रास्त आहे. छोट्या जहाजाचे प्रवासी पुष्कळदा संध्याकाळी गावातच जेवतात, म्हणून ते स्वागतार्ह ठरतात. परंतु दर माणशी जळणारे इंधन पाहिले तर लहान जहाज आपोआप निरुपद्रवी ठरत नाही, आणि तेवढाच खर्च थोड्या डोक्यांवर विभागला जात असल्याने भाडेही चढेच राहते.

नेपल्सच्या उपसागरात ही जहाजे बहुधा सोरेंटो किंवा काप्री बेटापाशी नांगर टाकतात. तिथून नेपल्स शहर तासाभराच्या फेरीबोटीवर आहे, आणि तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, इसवी सन ७९ च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरातून १९३८ मध्ये निघालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती ठेवलेली आहे. उंची जेमतेम २४ सेंटिमीटर. दोन बाजूंना दोन ठेंगण्या दासी, घोट्यांपासून पोटऱ्यांपर्यंत चढलेले वाळ्यांचे थर, कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला जड मेखला आणि मागे पाठीवर लांब सोडलेली वेणी. घडण निःसंशय भारतीय आहे. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे यक्षी म्हणण्याकडे कल झाला. पण अभ्यासकांनी तिचे साम्य दाखवले ते जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती शिल्पाच्या तुकड्याशी आणि तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेशी. म्हणजे ज्या वाटेने पोवळे इकडे येत होते, त्याच वाटेने ही बाई तिकडे गेली असावी. बैलगाडीतून घाट उतरून, भडोचच्या भरतीतून कोळ्यांनी ओढलेल्या जहाजात चढून, इजिप्तच्या वाळवंटातून उंटावर आणि शेवटी त्या बिनभरतीच्या समुद्रावरून.

नेपल्सच्या तिकिटाला रांग लावावी लागते. तेरचे पुराणवस्तुसंग्रहालय मात्र नेहमीच्या वाटेवर नाही. शिरड शहापूरहून तिथे जायचे तर धाराशिवकडे मुद्दाम वाट वाकडी करावी लागते, आणि ती वाट तुलनेने जवळची असूनही बहुतेकांकडून करायची राहून गेलेली असते.